हिऱ्यात आवाज सुसाट, प्रकाश मात्र रखडतो: असं का?

चौकस_आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा दहावीत. नववीत ध्वनी झाला, आता अपवर्तन सुरू आहे. तिच्या क्लासने छापून दिलेल्या नोट्समध्ये दोन वाक्यं आहेत. ध्वनीच्या पानावर: "माध्यमाची घनता वाढली की ध्वनीचा वेग वाढतो." प्रकाशाच्या पानावर: "माध्यमाची घनता वाढली की प्रकाशाचा वेग कमी होतो." दोन्हींखाली ठळक 'व्हेरी आयएमपी'. पोरीने दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि विचारलं, एकच घनता एकाला पळवते आणि दुसऱ्याला अडवते, ती कशी काय? क्लासमध्ये विचारलं तर "परीक्षेला एवढंच येतं" असं उत्तर मिळालं म्हणे.

मी बी.कॉम. नेटवर शोधलं तर हिऱ्यात आवाज सेकंदाला १७-१८ किलोमीटर जातो, आणि त्याच हिऱ्यात प्रकाशाचा वेग निम्म्याहून खाली येतो, असं दिसलं. गोंधळ वाढलाच. इथे फिजिक्सवाले बरेच आहेत, जरा समजावून सांगा. सूत्रं चालतील, पण मागोमाग मराठीत अर्थ हवा.

निवृत्त_मास्तर

ताई, मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. नोट्समधलं पहिलं वाक्य तर सरळ उलटं आहे.

तीन सळया घ्या: ॲल्युमिनियम, पोलाद आणि शिसं. घनता अनुक्रमे २.७, साधारण ७.८ आणि ११.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. नोट्सवर विश्वास ठेवला तर शर्यत शिशाने जिंकायला हवी. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमच्या सळईत आवाज सेकंदाला ५,००० मीटरच्या आसपास जातो, पोलादाच्या सळईतही जवळजवळ तेवढाच, आणि शिशाच्या सळईत जेमतेम १,२००.

ध्वनीचा वेग म्हणजे ताठपणा भागिले घनता, आणि त्याचं वर्गमूळ. घनता छेदात आहे, म्हणजे ती वेग कमीच करते. ताठपणा म्हणजे दाबलं किंवा ताणलं तर पदार्थ किती जोराने पूर्ववत व्हायला बघतो ते. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, पण तिप्पट ताठही, म्हणून दोघांची बरोबरी. शिसं जडही आणि मऊही, ते दोन्हीकडून मार खातं.

आता पाणी. ते हवेच्या आठशे पटींहून जड आहे. पण दाबायला गेलं तर हवेपेक्षा पंधरा हजार पट ताठ. पंधरा हजाराला आठशेतीसने भागा, वर्गमूळ काढा, सव्वाचारच्या वर येतं. हवेत ३४३, पाण्यात सुमारे १,४८० मीटर प्रति सेकंद. जमलं की नाही? मुलीला हा भागाकार स्वतः करू द्या.

नुसतेच_वाचक

मास्तर, पण आम्हाला तर "स्थायूत कण जवळजवळ असतात, म्हणून धक्का लवकर पोचतो" असं शिकवलेलं. तेही चूक का?

निवृत्त_मास्तर

अर्धवट. शिशाचे अणू काय लांब लांब उभे असतात? मुद्दा आहे शेजाऱ्याशी असलेला बंध किती ताठ आहे हा. कपडे वाळत घालायची दोरी बघा. सैल दोरीला एका टोकाला झटका दिला तर उंचवटा सावकाश जातो, ताणून बांधली तर सर्रकन. त्याच दोरीवर ओल्या साड्या टाकल्या की पुन्हा मंद. ताण वेग वाढवतो, वजन कमी करतं. बस्स.

दुसरा पुरावा वायूंचा. त्याच दाबाला हायड्रोजन आणि हवा सारखेच ताठ, पण हायड्रोजन चौदा पट हलका. म्हणून त्यात आवाज ३४३ ऐवजी सुमारे १,३०० मीटर जातो. नोट्सच्या हिशोबाने तो सगळ्यात मागे राहायला हवा होता.

आणि हिरा? अणू हलके (कार्बन), बंध प्रचंड ताठ. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने, म्हणून १७-१८ किलोमीटर.

कुजकट_काका

थोडक्यात, हलका आणि ताठ माणूस बातमी सगळ्यात आधी पोचवतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं वर्णन झालं हे. (हलके घ्या.)

शिंपले

मास्तरांच्या प्रतिसादात एक भर. हवेचा ताठपणा काढताना न्यूटनचा हिशोबही कमी पडला होता. हवा दाबली जाताना तिचं तापमान तेच राहतं असं धरून त्याने गणित केलं. त्या गणिताने शून्य अंशाला २८० मीटर प्रति सेकंद येतात, प्रत्यक्षात ३३१ असतात. पुढे लाप्लासने दाखवलं की कंपनं इतकी झटपट होतात की दाबलेल्या थरातली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो थर गरम होतो आणि जास्त ताठ वागतो. सायकलचा पंप तोंडावर अंगठा ठेवून जोराने दाबला की नळी गरम लागते, तीच ही गोष्ट.

धातूतून आवाज आधी येतो हेही कानाने तपासून झालंय. १८०८ च्या सुमाराला पॅरिसमध्ये बिओ या शास्त्रज्ञाने पाण्याच्या लोखंडी नळांची सुमारे ९५१ मीटर लांब ओळ वापरली. एका टोकाला ठोका मारला की दुसऱ्या टोकाला दोन आवाज: आधी लोखंडातून आलेला, मग अडीच सेकंदांनी नळाच्या आतल्या हवेतून आलेला.

घाटावरचा

रुळाला कान लावला की गाडी आधी कळते ते हेच ना? लहानपणी सगळ्यांनी केलंय.

निवृत्त_मास्तर

हेच, पण त्यात आणखी एक आहे. हवेत आवाज चहूकडे पसरून विरतो, रुळात तो रुळापुरता राहतो, म्हणून लांबवरून येतो. आणि कृपा करून आता कोणी करून बघू नका. हल्लीच्या विजेच्या गाड्या गुपचूप येतात.

चौकस_आई

बापरे, एवढ्या लवकर एवढं! आवाजाचं कळलं. सळयांचं उदाहरण पोरीला फार आवडलं, तिने भागाकारही केला. आता प्रकाश?

तिरकस_आरसा

सोपं आहे. काचेचा अणू प्रकाशकण गिळतो, क्षणभर थांबतो, परत सोडतो. पुढचा अणू तेच करतो. मध्ये प्रकाश आपल्या मूळ वेगानेच जातो, पण प्रत्येक थांब्यावर थोडा उशीर. म्हणून सरासरी वेग कमी.

शिंपले

तिरकसराव, हे फार ठिकाणी लिहिलेलं असतं आणि ऐकायला गोड वाटतं, पण टिकत नाही. अणूने प्रकाश खरोखर गिळून परत सोडला तर तो कुठल्याही दिशेला सोडेल आणि कुठल्याही क्षणी सोडेल. मग खिडकीच्या काचेतून समोरचं झाड रेखीव कसं दिसेल? सगळं दुधी काचेसारखं व्हायला हवं. शिवाय अणू ठरावीक रंगच गिळतात. काच सगळेच दृश्य रंग मंद करते, आणि ते गिळत नाही म्हणूनच तर पारदर्शक आहे.

होतं ते असं. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लहर. ती काचेत शिरली की तिथले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलू लागतात. डोलणारा विद्युतभार स्वतःची लहर सोडतो, त्याच वारंवारतेची पण किंचित मागे पडलेली. मूळ लहर आणि कोट्यवधी इलेक्ट्रॉनांच्या या मागे पडलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. या बेरजेतून पुढच्या दिशेला एकच लहर उरते आणि तिचे शिखर मूळ लहरीच्या मानाने उशिरा पोचते. बाकीच्या दिशांना या लहरी एकमेकींना खोडून टाकतात, म्हणून काच स्वच्छ.

काचेचा अपवर्तनांक (निर्वातातला वेग आतल्या वेगाच्या किती पट ते सांगणारा आकडा) १.५, म्हणजे आत वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर. वारंवारता तीच राहते, तरंगलांबी आखडते: बाहेर ६०० नॅनोमीटर असेल तर आत ४००. बाहेर पडल्यावर डोलणारे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून मागे खेचणारं कोणी नाही. पुन्हा तीन लाख. "वेग परत वाढवायला ऊर्जा कुठून आली" हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतं. तो पडतो कारण आपण प्रकाशाला चेंडू समजतो.

तिरकस_आरसा

मग पाठ्यपुस्तकवाले लोक हे सोपं करून का सांगत नाहीत? माझं स्पष्टीकरण निदान लक्षात राहतं.

शिंपले

लक्षात राहणं आणि खरं असणं यांची फारकत आपल्याकडे जुनीच आहे.

जव्हेरी_बाजार

धाग्याच्या शीर्षकात हिरा बघून आलो. घनतेचा प्रकाशाशीही तसा संबंध नाही, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. अमेरिकन डायमंड (शास्त्रीय भाषेत क्युबिक झिर्कोनिया) त्याच मापाच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड भरतो. हिऱ्याची घनता ३.५२, याची साडेपाचच्या वर. तरी अपवर्तनांक हिऱ्याचा २.४२, याचा २.१५ ते २.१८. म्हणजे जड दगडात प्रकाश जास्त वेगाने जातो. सुटा खडा तराजूत टाकला की अर्धा निकाल तिथेच लागतो.

निवृत्त_मास्तर

वा! हे उदाहरण मला माहीत नव्हतं, पुढच्या शिकवणीत वापरणार. स्वयंपाकघरातलं उदाहरण तेलाचं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे हलकं. पण खाद्यतेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, पाण्याचा १.३३. हलक्या तेलात प्रकाश जास्त मंद. रॉकेलचंही तसंच, १.४४.

मुलीला एक प्रयोग करायला सांगा. प्रयोगशाळेतल्या किंवा ओव्हनमध्ये चालणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची छोटी परीक्षानळी घ्या. तिच्या काचेचा अपवर्तनांक १.४७. मोठ्या ग्लासात शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल ओता आणि नळी तिरकी धरून सावकाश बुडवा. रिकामी नळी आतल्या हवेमुळे चांदीसारखी चकाकत राहील. आता तिच्यात ड्रॉपरने तेल सोडा. तेल जसजसं वर चढेल तसतशी तिथवरची काच दिसेनाशी होते. तेलात आणि काचेत वेग सारखा झाला की सीमेवर प्रकाश वळतही नाही, परावर्तितही होत नाही. मग डोळ्याला काच कळणार कशी? तेलाबाहेर राहिलेला कडेचा गोल तेवढा अधांतरी दिसतो. साध्या पाण्याच्या ग्लासाच्या काचेने हे नीट जमत नाही, तिचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास असतो, कड पुसटशी दिसत राहते.

नुसतेच_वाचक

मग प्रकाश कशावर अवलंबून? आवाजाला ताठपणा आणि घनता, तसं याला काय?

शिंपले

इलेक्ट्रॉन किती सहज डोलतात आणि एका घनसेंटिमीटरमध्ये डोलणारे किती आहेत यावर. हिऱ्यात अणू दाटीवाटीने बसलेले, प्रत्येकाचे चार बाहेरचे इलेक्ट्रॉन बंधांत गुंतलेले आणि प्रकाशाच्या तालावर बऱ्यापैकी हलणारे. त्यामुळे प्रकाश सेकंदाला सव्वा लाख किलोमीटरपर्यंत उतरतो. गंमत अशी की या दाट बंधांमुळेच हिरा ताठ होतो आणि आवाजाला पळवतो. चौकस_आईंच्या शीर्षकाचं उत्तर इथे आहे: आवाजात अख्खे अणू हलतात, प्रकाशात इलेक्ट्रॉन. जागा एक, हलणारे वेगळे.

काच दृश्य प्रकाश का गिळत नाही, तर तिच्या इलेक्ट्रॉनांना खरोखर वरच्या पायरीवर उचलायला अतिनील प्रकाशाची ताकद लागते. जसजसे आपण तांबड्याकडून जांभळ्याकडे जातो तसतसे त्या पायरीच्या जवळ सरकतो आणि इलेक्ट्रॉन जास्त जोरात डोलतात. म्हणून जांभळा जास्त मंद होतो, जास्त वळतो, आणि लोलकातून रंग सुटे होतात. धातूत इलेक्ट्रॉन मोकळेच, ते लहरीला आत शिरूच देत नाहीत, परतवतात. आरसा त्यावरच चालतो.

इतिहासातला एक टप्पा सांगतो. न्यूटनच्या कणवादाप्रमाणे प्रकाश पाण्यात जास्त वेगाने जायला हवा होता, लहरवादाप्रमाणे कमी. १८५० मध्ये फूकोने फिरता आरसा वापरून पॅरिसमध्ये मोजलं. पाण्यात कमी निघाला.

ताशा_पथक

आवाजातले 'रंग' असे सुटे होत नाहीत का? जाड आणि बारीक सूर?

शिंपले

हवेत जवळजवळ नाही. दोन चौक पलीकडे ढोल-ताशा वाजत असतो, तेव्हा ढोलाचा ठोका आणि ताशाची तर्री एकत्रच येतात ना? वेग सुरानुसार बदलला असता तर लांबून तुमच्या पथकाचा नुसता कालवा ऐकू आला असता. लांबून फक्त ढोलच जास्त ऐकू येतो, पण तो मागेपुढे झाल्यामुळे नाही, बारीक सूर हवा जास्त शोषते म्हणून.

ताशा_पथक

जवळ उभं राहिलं तरी कालवाच म्हणतात काही लोक. असो.

वेणूनाद

मी बासरी वाजवते. तापमानाचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. डिसेंबरात पुण्यात उघड्या मंडपात बसलं की बासरी उतरते, मे महिन्यात चढते. हवा दहा अंशांनी तापली की ध्वनीचा वेग १.७ टक्के वाढतो, आणि बासरीची लांबी तीच असल्याने सूरही तेवढाच चढतो. एका अर्ध्या सुराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. कान असलेल्या माणसाला तो टोचतो. तानपुऱ्याचं नेमकं उलटं: तार तापली की सैल पडते आणि उतरते. त्यामुळे दोघांचं जमवताना कपाळावर आठ्या येतात. वाजवण्याआधी आम्ही बासरीत ऊन फुंकर घालत बसतो ती याचसाठी. आतली हवा गरम करायची.

हेलियम ओढून चिरका आवाज काढतात, त्यातही तेच. हेलियममध्ये वेग सुमारे १,००० मीटर, त्यामुळे घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीचे सूर चढतात. स्वरतंतू मात्र होते त्याच गतीने हलत असतात. (हा प्रयोग कोणी करू नका, फुप्फुसात प्राणवायूच उरत नाही.)

घाटावरचा

तापमानावरून आठवलं. आमच्या गावापासून स्टेशन बरंच लांब. दिवसा गाडीची शिट्टी अजिबात येत नाही. रात्री, विशेषतः थंडीत, अंगणात बसलं की डब्यांचा खडखडाटसुद्धा येतो. सगळे म्हणतात रात्री शांतता असते म्हणून. पण तेवढंच कारण असेल असं वाटत नाही.

शिंपले

बरोबर वाटत नाही तुम्हाला. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली, वरची थंड. तापलेल्या हवेत आवाजाचा वेग जास्त. लहरीचा खालचा भाग पुढे जातो, वरचा मागे राहतो, आणि लहर वरच्या बाजूला वळते. गाडीची शिट्टी तुमच्या डोक्यावरून निघून जाते. निरभ्र, थंड, निवांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्यापेक्षा थंड होते, आणि तीच लहर खाली वळून अंगणात उतरते.

आता हायवेवरचं मृगजळ घ्या. डांबरालगतची हवा तापून विरळ झालेली, तिच्यात प्रकाश किंचित वेगाने जातो. आकाशातून खाली येणारा प्रकाश त्या थरात वरच्या बाजूला वळतो आणि तुमच्या डोळ्यात शिरतो. डांबरावर पाणी दिसतं, ते खरं तर आकाश असतं. दोन्हीकडे भूमिती एकच: लहर वेगवान भागाकडून मंद भागाकडे वळते. कारणं मात्र निराळी. गरम हवेत आवाज पळतो कारण रेणू जास्त धावपळ करतात, प्रकाश पळतो कारण रेणूच कमी असतात.

खलाशी

नौदलातून निवृत्त. आमच्या सोनारवाल्यांचं (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारे, दागिन्यांचे सोनार नव्हेत) आयुष्य याच वळणावर गेलं. समुद्राचं वरचं पाणी दुपारपर्यंत तापतं. गरम पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो, म्हणून सोनारची लहर थंड पाण्याकडे, खाली वळते. सकाळी दिसणारी पाणबुडी दुपारी दिसेनाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अमेरिकन नौदलाला वाटायचं की जेवणानंतर ऑपरेटर पेंगतात. कारण पाणी निघालं.

खोल गेलं की पाणी थंड होतं आणि आवाज मंदावतो. पण आणखी खोल गेलं की दाब वाढतो आणि वेग पुन्हा चढतो. मध्ये, उष्ण कटिबंधाच्या समुद्रात साधारण एक किलोमीटर खोलीवर, वेग सगळ्यात कमी असलेला थर असतो. त्या थरातला आवाज वर जायला बघतो तर खाली वळतो, खाली जायला बघतो तर वर. अडकून पडतो, आणि अडकल्यामुळेच लांब जातो. १९६० साली ऑस्ट्रेलियाच्या पर्थजवळ पाण्याखाली सुरुंग उडवले, ते अटलांटिकमधल्या बर्म्युडाला ऐकू आले, साधारण पावणेचार तासांनी. जवळजवळ अर्धी पृथ्वी.

फायबरवाला

खलाशीसाहेब, हे तर आमच्या केबलचंच वर्णन झालं! एका प्रकारच्या फायबरमध्ये मध्यभागी अपवर्तनांक जास्त, कडेकडे हळूहळू कमी केलेला असतो. प्रकाश कडेला गेला की वळून मध्यावर येतो. तुमच्या समुद्राचा मधला थर आणि आमचा काचेचा गाभा यांचं गणित एकाच साच्याचं.

आणि "काचेत प्रकाश मंद होतो" याचा आम्हाला रोज फटका. दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. दहा हजार किलोमीटर म्हणजे एका बाजूला ५० मिलिसेकंद, हे कितीही महागडं यंत्र लावलं तरी सुटत नाही. म्हणून शिकागो-न्यूयॉर्कच्या सट्टेवाल्यांनी फायबर सोडून मनोऱ्यांवरून सूक्ष्मलहरी सोडल्या. हवेचा अपवर्तनांक १.०००३, जवळजवळ निर्वातच. ग्राहक मात्र मलाच फोन करून विचारतात, पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायचा वेळ) कमी का होत नाही. त्यांना मी काय सांगू, काचेला सांगा?

सोनोताई

वाचून मजा येतेय. मी रेडिओलॉजिस्ट. आमचं सोनोग्राफीचं यंत्र गृहीत धरतं की शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १,५४० मीटर. प्रतिध्वनी परत यायला १३ मायक्रोसेकंद लागले की यंत्र म्हणतं, वस्तू एक सेंटिमीटर आत आहे. चरबीत वेग खरं तर १,४५० च्या आसपास, त्यामुळे जाड थराखालची गोष्ट पडद्यावर किंचित खोल दिसते. आम्हाला ते ध्यानात ठेवावं लागतं.

पेशंट नेहमी विचारतात की तो गार, चिकट जेल कशाला. वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन माध्यमांच्या सीमेवर किती आवाज पलीकडे जातो. हवा हलकी आणि लवचीक, शरीर जवळजवळ पाणीच. त्या सीमेवर ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. प्रोब आणि कातडी यांच्यात केसभर हवा राहिली तरी पडदा काळा. जेल ती हवा हुसकावतो. पोटात गॅस असेल तर त्यामागचं काही दिसत नाही ते याचमुळे. तुम्ही पोहताना डोकं बुडवलं की काठावरची आरडाओरड गायब होते, तीही याच सीमेमुळे.

पाटणवाला

मी कोयनेच्या खोऱ्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबद्दल घरातले जुने लोक सांगायचे की आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखी घरघर आली आणि मग घर हललं. ही घरघर म्हणजे भूकंपाचा आवाजच का?

निवृत्त_मास्तर

हो. खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली दाबाची, म्हणजे ध्वनीच. कवचातल्या खडकात सेकंदाला सहाएक किलोमीटर. दुसरी कातरणारी, आडवी हलवणारी, साडेतीनच्या आसपास. पहिली आधी पोचते, जमिनीला थरथरवते आणि तिच्यातला थोडा भाग हवेत उतरून घरघर ऐकू येते. घरं पाडते ती मुख्यतः दुसरी. दोघींमधले सेकंद मोजून आठाने गुणले की केंद्र साधारण किती किलोमीटर लांब ते कळतं.

इथेही ताठपणाच. दाबाला विरोध स्थायू, द्रव, वायू सगळेच करतात. कातरायला विरोध फक्त स्थायू करतो, पाण्यात हात आडवा फिरवला तर पाणी परत जागेवर येत नाही. म्हणून दुसरी लहर द्रवातून जातच नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे हे आपल्याला या न पोचलेल्या लहरींवरून कळलं, तिथवर खोदून नाही.

अणुशक्तीनगर

एक अवांतर. पाण्यात प्रकाश सव्वादोन लाखांवर उतरतो, म्हणून तिथे एखादा इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकू शकतो. निर्वातातल्या वेगाची मर्यादा मोडत नाही, फक्त पाण्यातल्या प्रकाशाला हरवतो. मग आवाजाला मागे टाकणाऱ्या विमानाचा जसा धमाका होतो, तसा या इलेक्ट्रॉनचा निळा प्रकाश पडतो. १९५६ साली ट्रॉम्बेला सुरू झालेली अप्सरा ही पाण्याच्या तलावातली अणुभट्टी, तिच्या गाभ्याभोवती ही निळाई दिसायची.

कुजकट_काका

इथे सगळे इतके शहाणे आहेत की भांडण लागेना. आवाज आणि प्रकाश एकमेकांना भेटतात का कधी, की आयुष्यभर समांतर?

शिंपले

भेटतात, आणि ते गणित बंगळूरला झालंय. १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी. द्रवात अतिउच्च वारंवारतेचा आवाज सोडला की दाट-विरळ, दाट-विरळ असे बारीक पट्टे तयार होतात. दाट पट्ट्यात अपवर्तनांक जरा जास्त, विरळात कमी. आडवा प्रकाश सोडला तर त्याला ती बारीक रेघांची जाळी वाटते आणि तो अनेक किरणांत फुटतो. प्रकाशाचा वेग आवाजाच्या लाख पटींहून जास्त, त्यामुळे प्रकाशाच्या दृष्टीने आवाज जागच्या जागी गोठलेला असतो. रामन यांना आवाजाचीही तितकीच ओढ होती, विजापूरच्या गोल घुमटात कुजबुज भिंतीच्या कडेकडेने कशी जाते आणि तबल्याच्या शाईमुळे सूर कसे जुळतात यावरही त्यांनी काम केलंय.

भोसरी_एमआयडीसी

एक मिनिट. आमच्याकडे लेझर मार्किंगचं मशीन आहे, जुनं, याग लेझरचं. त्यात क्यू-स्विच नावाचा डबा आहे, आत काचेसारखा ठोकळा, त्याच्या ड्रायव्हरवर २७.१२ मेगाहर्ट्झ छापलंय. सर्व्हिस इंजिनिअर म्हणाला होता की "यात आवाज सोडतात", मला वाटलं चेष्टा करतोय. हे तेच का?

शिंपले

तेच! तो ठोकळा बहुतेक शुद्ध सिलिका काचेचा. तिच्यात आवाज सेकंदाला सुमारे ५,९६० मीटर, म्हणजे २७.१२ मेगाहर्ट्झला आवाजाची तरंगलांबी साधारण ०.२२ मिलिमीटर. एवढ्या अंतराच्या रेघांनी तुमचा लेझर पाव अंशाच्या आसपास वळतो. ऐकायला नगण्य, पण दोन आरशांमध्ये येरझारा घालणाऱ्या प्रकाशाला तेवढं पुरतं. आवाज चालू असेतो प्रकाश रस्ता चुकतो, लेझर पेटत नाही आणि लेझरच्या स्फटिकाच्या दांड्यात ऊर्जा साठत राहते. आवाज बंद केला की सगळी एका झटक्यात बाहेर. तुमचा खण्ण करून उमटणारा ठिपका तो.

भोसरी_एमआयडीसी

आणि त्याला पाण्याचं कूलिंग कशाला? लेझर तर त्यातून आरपार जातो, काच गिळत नाही म्हणालात.

शिंपले

लेझर नाही तापवत, आवाज तापवतो. ठोकळ्याच्या एका बाजूने सोडलेला आवाज समोरच्या बाजूला आपटून परत आला तर पट्टे गढूळ होतील. म्हणून ती बाजू तिरकी कापतात आणि तिथे आवाज शोषून घेतात. शोषलेल्या आवाजाची उष्णता होते, ती पाणी वाहून नेतं. पाणी थांबलं तर काच तापेल, तिच्यातला वेग आणि अपवर्तनांक दोन्ही सरकतील, ठोकळ्याला तडाही जाऊ शकतो. फ्लो स्विच (पाणी थांबलं की मशीन बंद करणारा) बायपास करून मशीन चालवत नाही ना तुम्ही?

भोसरी_एमआयडीसी

उद्या शिफ्टला गेलो की पहिलं तेच बघतो.